एक दात कमी

आमच्या गाडीला साडीगार्ड आहे.

लेखाची सुरुवात करायला हे काही फार भारदस्त वाक्य नव्हे. पण मागच्या पावसाळ्यात आमच्या घरात जे शीतयुद्ध झालं, ते सगळं मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला बसवलेल्या ह्या जाळीवरून झालं. एका बाजूला मी. वय 52, शाळेत गणिताचा मास्तर, मणका दोन ठिकाणी कुरकुरणारा आणि मनात मात्र डोंगर. दुसऱ्या बाजूला आमची ही. तिचं म्हणणं एका वाक्यात संपायचं. "सोमवारी मला बँकेत सोडायचं असतंय."

गाडी म्हणजे स्प्लेंडर, 2009 ची, एमएच-09. इंजिन 97.2 सीसीचं, ताकद पावणेआठ घोड्यांच्या आसपास, वजन सुमारे 110 किलो. ह्या पावणेआठ घोड्यांनी आजवर काय ओढलं नाही? दळणाचे डबे, गॅसचं सिलिंडर, शाडूचा गणपती, सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे, मुतखड्यानं कळवळणारे सासरे. चिरंजीव आधी टाकीवर, मग मधे आणि मग मागं बसून मोठे झाले. आता पुण्यात नोकरीला लागून स्वतःची गाडी घेतल्यावर "पप्पा, ती विकून टाका की" म्हणतात. मी विकली नाही. घरच्या माणसाचा भाव कसा काढायचा, हे गणिताच्या कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

तर, अशी ही संसारी गाडी मला रविवारपुरती रानटी करायची होती.

हे खूळ डोक्यात शिरलं ते वाघबिळाला. पन्हाळ्याची वाट जिथं रत्नागिरीच्या हमरस्त्यापासून फुटते, तिथं एका रविवारी मी चहा घेत उभा होतो. तेवढ्यात पाचसहा पोरं आली. उंच गाड्या, आकाशाकडं तोंड केलेलं मडगार्ड, ठोकळ्याठोकळ्यांचे टायर. गाड्यांना टाकीपर्यंत चिखल लागला होता आणि तो त्यांनी मुद्दाम पुसला नव्हता. माझ्याही गाडीला चिखल होता, पण तो शिवाजी पुलावर एका ट्रकनं उडवलेला. चिखलाचीही जात असते, हे मला तेव्हा कळलं. त्यातला एक पोरगा फार अदबीनं म्हणाला, "काका, गाडी जरा बाजूला घेता का? फोटो काढायचाय." मी गाडी बाजूला घेतली. फोटोत माझी गाडी नको होती, एवढंच ना? पण तो चहा मला घरापर्यंत कडू लागला.

कोल्हापुरात माणसाला नाद असावा लागतो. कुणाला तालमीचा, कुणाला फुटबॉलचा. इथं दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागं रस्त्यानं धावत सुटतात आणि ते बघायला गाव लोटतं. ज्या गावात म्हशीलासुद्धा गाडीचा नाद आहे, तिथं मास्तरानं का मागं राहावं?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी उद्यमनगर गाठलं. आमचे मिस्त्री गेली पंधरा वर्षं ही गाडी बघतात. तिचा आवाज ऐकून ते तिची तब्येत सांगतात आणि माझा चेहरा बघून माझी.

"मिस्त्री, गाडी जरा डोंगरात चालण्यासारखी करायची."

"चालतीया की. जोतिबाला गेलाय न्हवं परवा?"

"तसं नव्हे हो. जिथं रस्ता नाही तिथं न्यायची."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "सर, जिथं रस्ता न्हाई तिथं काय काम काढलंय?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. आजही नाही. मी नुसताच हसलो. मिस्त्रींनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "मास्तर माणूस, चांगली गाडी कशाला बिघडवालाय? पर ठीक हाय. नाद हाय म्हटल्यावर काय बोलायचं."

खरं तर उद्यमनगरात उभं राहून असा प्रश्न विचारणं हाच त्या जागेचा अपमान आहे. लेथच्या आवाजात मोठं झालेलं हे गाव. 'मिळत नाही' ह्या शब्दावर इथल्या माणसाचा विश्वास नाही. बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता आणि हातात हवा तसा कॅमेरा नव्हता, तर त्यांनी तो इथंच घडवला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. नदीत धरण बांधण्याइतका पैसा नसेल, तर खांब उभे करून पावसाळ्यानंतर त्यांच्या खाचांत फळ्या सारायच्या आणि पावसाळ्याआधी काढून घ्यायच्या, ह्या युक्तीला तर सरकारदप्तरीसुद्धा 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. जेव्हा हवं तेव्हा बसवायचं, नको तेव्हा काढायचं. मला गाडीचं नेमकं तेच करायचं होतं. शनिवारी रात्री काढायचं, रविवारी रात्री बसवायचं. म्हणजे कोल्हापूर पद्धतीची मोटारसायकल.

पहिलं काम दातांचं निघालं. गाडीच्या चेनला पुढं एक छोटं चक्र असतं आणि मागं एक मोठं. माझ्या गाडीला पुढं 14 दात होते, मागं 42. म्हणजे पुढचं तीनदा फिरलं की मागचं एकदा फिरणार. मिस्त्री म्हणाले, "पुढं 13 चं टाकू. चढाला बरी वढंल." मी तिथंच खडू मागितला. 42 भागिले 13, सव्वातीनला किंचित कमी. म्हणजे ओढ साधारण पावणेआठ टक्क्यांनी वाढणार आणि त्याच गिअरला, तेवढ्याच इंजिनाच्या फेऱ्यांत, वेग सात टक्क्यांनी उतरणार. पदरचा एकही घोडा न वाढवता चढ सोपा होणार, फक्त घाई सोडायची. इतकं प्रामाणिक समीकरण मला संसारात दुसरं भेटलेलं नाही. शिवाय ह्या गाडीची किलोमीटरची वायर पुढच्या चाकातून येते. त्यामुळं मागं कितीही दात पाडले तरी काटा खोटं बोलत नाही.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात माझीही एक दाढ काढावी लागली. गाडी आणि मी, दोघंही एक दात कमी होऊन घरी आलो.

रात्री मी ह्या विषयाचा अभ्यास सुरू केला. घरात पटवून द्यायचं तर दाखले हवेत. दाखले उत्तम निघाले. जपानात 1958 साली होंडानं कब नावाची लहानशी गाडी काढली. दूध, नूडल्स, टपाल, जे म्हणाल ते पोचवणारी, अगदी गरीब स्वभावाची. ती अमेरिकेत गेल्यावर 1960 च्या सुमारास आयडाहोतल्या एका विक्रेत्यानं तिला मागं मोठं चक्र आणि ठोकळ्यांचे टायर बसवले. लोक तिच्यावरून शिकारीला आणि मासे धरायला डोंगरात जाऊ लागले. ते बघून कंपनीनं स्वतःच तशी गाडी काढली. आता गंमत बघा. 1985 ची आपली सीडी-100 आणि 1994 ची स्प्लेंडर ह्यांचं आडवं निजलेलं इंजिन त्या कबच्याच घराण्यातलं. म्हणजे माझ्या गाडीच्या रक्तात डोंगर होता, नुसता साडीगार्डाखाली झाकला गेला होता.

दुसरा दाखला सायकलींचा. कॅलिफोर्नियातल्या मारिन परगण्यात 1970 च्या दशकात काही पोरांनी वडिलांच्या वेळच्या जाड टायरच्या जुन्या सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरउतारावरून सोडल्या. पॅडल उलटं दाबून लागणारा ब्रेक इतका तापायचा, की हबातलं ग्रीस धूर होऊन निघून जायचं. खाली पोचलं की पुन्हा ग्रीस भरायचं. म्हणून 21 ऑक्टोबर 1976 ला सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं, म्हणजे पुन्हा भरणे. आज जगभर विकल्या जाणाऱ्या डोंगरी सायकलींचं मूळ त्या भंगारात आहे.

हिनं दोन्ही दाखले भाकरी थापता थापता ऐकले. "त्या पोरांना," ती म्हणाली, "सोमवारी कुणाला बँकेत सोडायचं नसणार."

तरी काम पुढं सरकलं. मागं 3.00-18 चा ठोकळेवाला टायर आला. आमच्याकडं त्याला बटन टायर म्हणतात. कोरड्या डांबरावर तो गुंऽऽ असा आवाज करतो, त्यामुळं गल्लीतल्या कुत्र्यांना माझं येणं दोन मिनिटं आधी कळू लागलं. सायलेन्सरचं मिस्त्रींनी विचारलं, "आवाज पायजे काय?" मी नको म्हटलं. तसल्या सायलेन्सरांची पोलीस भर चौकात रांग लावतात आणि वरून रोलर फिरवतात. माझ्याच वर्गातल्या पोरांनी ते बघावं, एवढी माझी तयारी नव्हती.

मग रुंद हँडल बसवलं. रुंद हँडलनं खडबडीत वाटेवर पुढचं चाक ताब्यात राहतं, हे खरंच आहे. मात्र हँडल रुंद झालं तरी ॲक्सिलेटरची वायर जुन्याच मापाची राहिली होती. त्याचा परिणाम पापाच्या तिकटीला कळला. हँडल पूर्ण डावीकडं वळवलं की वायर ताणली जायची आणि गाडी आपोआप रेस व्हायची. वळताना हळू व्हायचं ह्या नियमावर साऱ्या जगाची वाहतूक उभी आहे. माझी गाडी वळताना जोरात सुटू लागली. समोर केळीवाली होती. ती बाजूला झाली, मी थांबलो, आणि मागून ओळखीचा बालआवाज आला, "सर, लई भारी!" त्याच संध्याकाळी जुनं हँडल परत बसलं.

आता उरला साडीगार्ड. डोंगरातल्या दगडाधोंड्यांत तो अडकणार, चिखल धरणार, असं मी हिला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि "काढा. पण सोमवारी सकाळी जागेवर पायजे" एवढंच म्हणाली. मी काढला. पण मास्तरकी आडवी आली. ह्या जाळीला कायद्यात आधार तरी आहे का, म्हणून शोधायला गेलो, तर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 123 सापडला. मागं बसणाऱ्याला धरायला आधार हवा, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात गुंतू नयेत म्हणून मागचं चाक किमान निम्मं झाकणारं काहीतरी हवं. इतकी वर्षं मी ज्याला आमच्या घरचा कायदा समजत होतो, तो देशाचा निघाला. पुढं वाचलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सापडलं. गाडीच्या मूळ घडणीत कंपनीनं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलेलं. हे मी हिला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर साडीगार्ड, चार बोल्ट आणि दहाचा पाना असं सगळं नीट मांडून ठेवलेलं दिसलं. बँकेत काम करणाऱ्या बाईला कागद वाचता येत नाहीत, असं समजणं चूक आहे.

पहिली मोहीम जुलैतल्या एका रविवारी निघाली, साडीगार्डाविना. डोंगर लांब, म्हणून सरावाला मी पंचगंगेपलीकडची, वडणग्याच्या शिवारातली एक पाणंद निवडली. पाणंद म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकाला सांगायला नको. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधून बैलगाडी आणि ट्रॅक्टरनं पाडलेले दोन चर, मधे गवताची कड. उन्हाळ्यात ही वाट असते. पावसाळ्यात ती एक शक्यता असते.

पन्नास पावलं मी दिमाखात गेलो. पायांवर उभा राहून, गुडघे किंचित वाकवून, पुस्तकात सांगितलं तसं. पायांवर उभं राहिलं की गुडघे शॉकॉब्सरचं काम करतात आणि गाडी आपल्याखाली मोकळेपणानं हलू शकते. ती इतकी मोकळेपणानं हलली, की मागचं चाक पुढच्याला भेटायला आलं. मग गाडी थांबली. इंजिन चालू, गिअरमध्ये, क्लच सोडलेला, मागचं चाक जागेवर गरगरतंय आणि पुढचं चाक मात्र फिरायला तयार नाही. खाली वाकून बघितलं. नदीकाठची काळी, चिकट माती पुढच्या मडगार्डात अशी गच्च बसली होती, जशी चिनी मातीच्या बरणीत दाबून भरलेली कैरी. शहरातल्या गाडीचं पुढचं मडगार्ड चाकाला अगदी चिकटून असतं, पाणी अंगावर उडू नये म्हणून. इथं पाणी नव्हतं. माती होती, आणि तिला जायला जागा नव्हती.

मी चाकापाशी उकिडवा बसून बोटानं माती उकरत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला. एक म्हातारबा येत होते. माझ्याच गाडीची थोरली बहीण असावी अशी जुनी गाडी, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, पायात स्लीपर. उभं राहणं नाही, गुडघे वाकवणं नाही. दोन्ही पाय चिखलाला लागतील न लागतील असे सोडलेले, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि तोंडानं कुठला तरी अभंग चाललेला. ते माझ्या शेजारच्या चरातून सरळ रेषेत निघून गेले. जाताना "आलो पाव्हणं, संघात दूध घालून" एवढं बोलले.

वीस मिनिटांनी ते खरंच परत आले. सीटखालून त्यांनी खुरपं काढलं आणि तीन फटक्यांत माझं चाक मोकळं केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या गाडीला पुढचं मडगार्डच नव्हतं.

"पावसुळ्यात काढून ठिवायचं. दिवाळीला बसवायचं," ते म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी माझं मागचं चाक दाबून बघितलं. "हवा लई हाय." व्हॉल्व्हात काडी खुपसून त्यांनी फुस्स करून थोडी हवा सोडली. टायर मऊ झाला की जमिनीला जास्त टेकतो आणि जास्त धरतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकात काडी नव्हती.

"पण मामा," मी विचारलं, "तुमची गाडी इतकी सरळ कशी जाते? माझी तर नाचते."

म्हातारबांनी माझ्या गाडीकडं बघितलं. बटन टायर, रिकामं सीट, साडीगार्ड काढलेल्या जागेचे बोल्ट. "माज्यावर भरल्या किटल्या असत्यात," ते म्हणाले. "वजन असलं की चाक माती धरतंय. तुमची गाडी रिकामी हाय. मग नाचंल न्हाई तर काय?"

मागच्या चाकावर भार असेल तर त्याची पकड वाढते. घर्षण भाराच्या प्रमाणात असतं, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. पण त्या पाणंदीत, हाताला काळी माती लागलेली असताना, ते वाक्य मला नववीच्या पुस्तकातलं वाटेना.

घरी आलो. गाडी धुतली. टायरात हवा भरली. साडीगार्ड बसवला. सोमवारी हिला बँकेत सोडलं. बँकेच्या दारात उतरताना तिनं मागं वळून जाळीकडं नजर टाकली आणि म्हणाली, "एक बोल्ट उलटा बसवलाय."

नंतरचे काही रविवार असेच गेले. शनिवारी रात्री काढणं, रविवारी रात्री बसवणं. माझ्या लक्षात येऊ लागलं, की गाडी चालवण्यापेक्षा जास्त वेळ मी पाने चालवतोय. गल्लीतल्या एका आजोबांनी तर गाडीचं बारसंच केलं. "काय मास्तर, आज खडखडा कुठं?" राजर्षी शाहू महाराज स्वतः लगाम हातात घेऊन ज्या दणकट गाडीतून हिंडत, तिला खडखडा म्हणत. घोड्यांना वळण लावायची ती गाडी. माझ्या खडखड्यात वळण कुणाला लागत होतं, ते मात्र अजून ठरायचं होतं.

ते ठरलं मसाई पठारावर. सप्टेंबरात पावसानं जरा उसंत दिली आणि मी एकटाच पन्हाळ्यावरून पुढं पठारावर गेलो. हेच ते पठार. जुलै 1660 मध्ये, भर पावसाच्या रात्री, शिवाजी महाराजांना पालखीत घेऊन बाजीप्रभू आणि त्यांचे मावळे पन्हाळ्यावरून निघाले ते ह्याच वाटेनं विशाळगडाकडं गेले. ना वाट दिसत होती, ना मागं वळून बघायला सवड होती. खांद्यावर सगळ्या स्वराज्याचा भार, आणि चाल सरळ. त्या पठारावर मी पावणेआठ घोड्यांवर बसून फिरायला आलो होतो.

वाट होती. ठळक, चाकांनी मळलेली. पण बटन टायर घेऊन वाटेनंच जायचं, तर मग तो घेतला कशाला? मी वाट सोडली. हिरव्या गालिच्यावरून गाडी नुसती तरंगत गेली. चढ नाही, चिखल नाही, दगड नाही. एक दात कमी केल्याचं सार्थक झालं असं वाटलं. शंभरेक पावलांवर मी थांबलो आणि फोटो काढायला वळलो. त्या पोरांसारखा, मागं गाडी आणि पुढं मी.

फोटोत माझ्यामागं एक तपकिरी पट्टा आला. मी जिथून आलो होतो, तिथं ठोकळ्यांनी माती उपटून काढली होती आणि खालचा जांभा दगड उघडा पडला होता. गुडघे टेकून बघितलं. जांभ्यावरची माती जेमतेम बोटभर. त्या बोटभर मातीत सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुलं, मधेमधे गेंदाचे पांढरे टपोरे. सीतेची आसवं दिसायला इतकी नाजूक, पण मांसाहारी. दगडावरच्या त्या पातळ मातीत पोट भरेल एवढं काही नसतं, म्हणून मुळांसारख्या तंतूंना बारीक पिशव्या लावून त्या पाण्यातले जीव धरतात. काहीच नसलेल्या जागेत राहण्यासाठी त्यांनी स्वतःत केवढा बदल केला होता! आणि मी चेनचा एक दात कमी करून त्यांच्यावरून गेलो होतो. हे पठार आता संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेलं आहे. पण त्या क्षणी कायद्याचं कलम आठवलं नाही. मिस्त्रींचा प्रश्न आठवला. जिथं रस्ता न्हाई तिथं काय काम काढलंय?

गाडी बंद केली आणि दगडादगडावरून, उचलल्यासारखी ढकलत वाटेवर आणली. 110 किलो ढकलताना माणसाला पुष्कळ गोष्टी कळतात.

त्या आठवड्यात मी मिस्त्रींकडं गेलो. बटन टायर उतरवला, जुना साधा टायर चढवला. साडीगार्डाचे बोल्ट त्यांनी नीट आवळून दिले. "आन त्यो दात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तो राहू दे." चढाला तो खरंच उपयोगी आहे, आणि सपाटीला जो वेग कमी झाला तो मला तसाही कुठं पोचवत नव्हता.

पुढच्या रविवारी ही स्वतःच म्हणाली, "तुमचं ते पठार बघायचंय एकदा." आम्ही निघालो. वाघबिळाला चहा घेतला, पन्हाळा ओलांडला, पुढच्या कच्च्या वाटेला लागण्याआधी मी दोन्ही चाकांतली थोडी हवा काडीनं सोडली. वाटेत खड्डे होते, ओला मुरूम होता, एका ठिकाणी ओहोळ होता. गाडी एकदाही नाचली नाही. मागं वजन होतं. भरल्या किटल्यांइतकं होतं की जास्त, हे मी विचारलं नाही आणि इथंही लिहीत नाही.

पठाराच्या तोंडाशी गाडी स्टँडवर लावली आणि तिथून चालत गेलो. ती फुलं बघत होती आणि मी तो तपकिरी पट्टा शोधत होतो. सापडला. अजून भरला नव्हता. तिला दाखवला. ती काही बोलली नाही, फक्त त्याला वळसा घालून पुढं गेली.

परत येताना वाघबिळाला टायरात हवा भरून घेतली. सोमवारी बँक होती.

तर सांगायचं असं, की आमच्याकडं 3.00-18 चा एक बटन टायर आहे. फारसा झिजलेला नाही. कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, पैशाचं बसून ठरवू. फक्त पाणंदीसाठी नेणार असाल तरच या, पठारासाठी नको.